बिदागीची वही

"ताई, बिल कसं लिहायचं असतं?"

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, शेवटची तुकडी घरी गेली होती आणि मी तानपुऱ्याला गवसणी चढवत होते. बाहेर पाऊस लागून राहिला होता. पावसाळ्यात आमच्या वर्गातल्या सतरंजीला एक दमट वास सुटतो. उदबत्ती लावली तरी तो जात नाही, उलट तिच्या वासात मिसळून बसतो. अशा वेळी मुंबईहून फोन आला. अकरा वर्षं माझ्याकडे शिकलेली मुलगी. दहाव्या वर्षी आली तेव्हा पेटीच्या पट्टीशी तिचा सूर जुळायला महिनाभर लागला होता. विशारद पूर्ण झाली तेव्हा परीक्षक तिचा आलाप संपल्यावर क्षणभर काही बोलले नव्हते. तिनं एका जाहिरातीसाठी तीस सेकंदांचा भूप रागाचा आलाप गायला होता. ध्वनिमुद्रण होऊन आठवडा उलटला होता आणि आता तिकडचा माणूस बिल मागत होता. सोबत पाच पानांचा इंग्रजी करार आला होता. त्यावर सही करून तो सकाळी दहाच्या आत परत पाठवायचा होता.

मला उत्तर येत नव्हतं.

येत नव्हतं हे एक वेळ चाललं असतं. मी जे केलं ते मला अजून टोचतं. मी तिला विचारलं, "आवाज बरा लागला होता ना गं?" पलीकडे थोडा वेळ नुसता लोकलचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "हो ताई, गंधार छान लागला." आणि आम्ही गंधारावर बोलत राहिलो. भूप आणि देसकार यांचे सूर तेच, पाचच. पण भूपात मुक्काम गंधारावर आणि देसकारात धैवतावर. तीस सेकंदांत ऐकणाऱ्याला तो भूपच वाटला पाहिजे, देसकाराची सावली पडता कामा नये, हे तिनं कसं सांभाळलं ते तिनं मला सांगितलं आणि मला फार बरं वाटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, बिलाचं राहूनच गेलं. मी परत फोन केला नाही. मला माहीत नसलेल्या गोष्टीसाठी कशाला करायचा, असं वाटलं असावं. सकाळी तिनं मैत्रिणीच्या एका जुन्या बिलावरून बघून काहीतरी लिहिलं, करारावर सही केली आणि पाठवून दिलं.

गणपतीच्या दिवसांत मिरजेच्या बाजारात, एका मोबाईलच्या दुकानासमोरून जाताना तो आलाप माझ्या कानावर आला. मी तिथेच थांबले. माझ्याच वर्गात घासूनपुसून घेतलेला तो गंधार त्या गर्दीत, रिक्षांच्या हॉर्नमधून वर आला, आणि क्षणभर छाती भरून आली. घरी येऊन तिला फोन केला तेव्हा कळलं की जाहिरात टीव्हीवर आहे, फोनवर आहे, थिएटरांत सिनेमाच्या आधी लागते, परदेशातही लागते. पैसे एकदाच मिळाले होते, तेही ठरल्यापेक्षा कमी. करारात काय होतं विचारलं, तर तिनं ती ओळ वाचून दाखवली. तिचा अर्थ असा होता: सर्व माध्यमांत, सर्व प्रदेशांत, कायमस्वरूपी. 'कायमस्वरूपी' हा शब्द मी त्या रात्री बराच वेळ मनात घोळवत बसले. आमच्या गाण्यात काहीच कायमस्वरूपी नसतं. आज लागलेला गंधार उद्या लागेलच असं नाही. तो मात्र आता तिचा नव्हता.

प्रारंभिक ते विशारद पूर्ण, सात परीक्षा. त्या सात पायऱ्या मी तिला हात धरून चढवल्या. स्वरलिपी लिहायला शिकवली, झपतालाची दुगुण हातावर धरायला शिकवली, तानपुऱ्याच्या मण्यांना किती हलका हात लावायचा हे शिकवलं. या गाण्यावर पोट कसं भरायचं याविषयी मात्र अकरा वर्षांत एक वाक्य बोलले नाही. बोलायचं नसतं, असाच माझा समज होता. तो कुठून आला ते शोधत मी मागे गेले, तर थेट सांगलीला, माझ्या बुवांच्या माजघरात पोचले.

१९८०च्या दशकात मी बुवांकडे शिकत होते. बैठक असली की मी मागे तानपुऱ्यावर. चार-चार तास. पाय बधिर व्हायचा, बोटाच्या पेराला तारेची खाच पडायची, आणि समोर बुवांच्या पाठीवर घामानं चिकटलेला झब्बा. कार्यक्रम संपला की आयोजक शालीच्या घडीत नारळ आणि नारळाखाली पाकीट द्यायचे. बुवा ते पाकीट उघडायचे नाहीत, त्याच्याकडे बघायचेही नाहीत. झब्ब्याच्या खिशात सरकवायचे आणि समोरच्याशी रागाबद्दल बोलायला लागायचे. मला ते फार भारी वाटायचं. बिदागी हा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. कलावंतानं असंच असावं, हे मी त्या पाकिटाकडे न बघणाऱ्या नजरेतून शिकले.

पण पाकीट उघडलं जायचंच. घरी, रात्री, स्टोव्ह शांत झाल्यावर. काकू, म्हणजे बुवांच्या पत्नी, उघडायच्या.

तपकिरी पुठ्ठ्याची एक लांबट वही होती त्यांच्याकडे. भिंतीला टेकून, पायावर गोधडी घेऊन त्या नोटा मोजायच्या, शिसपेन्सिलीनं लिहायच्या आणि लगेच वाटण्या करायच्या. तबलजींचे पैसे कागदाच्या पुडीत बांधून दुसऱ्या दिवशी माझ्या हाती पाठवायच्या. "हातात दे. बायकोच्या हातात दिलेस तर उत्तमच," एवढंच सांगायच्या. काकू कधी गायल्या नाहीत. पण कुठल्या गावाहून शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, कुठे जेवण चांगलं देतात पण पैसे देताना हात आखडतो, कुठे आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय निघायचं नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. एकदा त्यांनी मला दहा रुपये दिले. "हे तुझे. तानपुऱ्याचे." मी लाजून हात मागे घेतला. बुवांच्या मागे बसायला मिळतं हेच माझं भाग्य, त्याचे कसले पैसे? काकू म्हणाल्या, "हात दुखला की नाही? मग घे."

फोननंतरच्या दिवाळीत मी मुद्दाम सांगलीला गेले. बुवा नाहीत, काकूही नाहीत, घर आहे. त्यांच्या मुलाला वहीचं विचारलं तर त्याला आठवेना, पण त्याची बायको माळ्यावर चढली आणि बोरूच्या दौती, जुनी पंचांगं यांच्यामधून ती खाली घेऊन आली. वहीला नॅप्थॅलिनचा वास होता. पानं उलटत गेले. १९८३ सालच्या एका पानावर, पेन्सिल फिकट झालेली, पण वाचता येत होतं: जमा ३५०. तबला ९०. पेटी ७०. एस.टी. २८. टांगा ६. तानपुरा १०. उरले १४६.

तानपुरा १०. ती नोंद मी. एवढ्या वर्षांत मला वाटत होतं काकूंनी ते खाऊला दिले असतील. त्यांनी ते हिशोबात धरले होते.

आमच्या वर्गात समोरच्या भिंतीवर विष्णु दिगंबर पलुसकरांची तसबीर आहे. मिरजेत गाण्याच्या बहुतेक वर्गांत असते. ते इथून जवळच्या कुरुंदवाडचे. फटाक्यानं डोळे अधू झाले म्हणून उपचारासाठी मिरजेला आले आणि बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकत राहिले. मिरजेतल्या एका समारंभाला त्यांना बोलावणं आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही, कारण ते 'गवई'. हे त्यांना लागलं आणि ते मिरज सोडून निघाले, असं सांगतात. परीक्षेसाठी त्यांचं जीवनचरित्र मी मुलांना किती वेळा लिहून दिलं असेल. जन्म १८७२, लाहोरला ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय, मृत्यू १९३१, मिरज. मुलं पाठ करतात, लिहितात, गुण मिळवतात. वही बघून आल्यावर मी त्या चरित्राकडे पहिल्यांदा काकूंच्या नजरेनं बघितलं. संस्थानिकाच्या आश्रयाशिवाय लोकांच्या पैशावर गाण्याची शाळा चालवायची, म्हणजे रोज केवढी जुळवाजुळव! गरीब मुलांना जेवूखाऊ घालून फुकट शिकवायचं आणि शिकून झाल्यावर त्यांनी काही वर्षं संस्थेसाठी शिकवायचं, हा त्यांचा उपदेशक वर्ग. पुस्तकं हवीत म्हणून छापखाना. वाद्यं हवीत, मोडली तर दुरुस्त व्हायला हवीत म्हणून त्याचीही सोय. आणि एवढं करून शेवटी मुंबईतली इमारत कर्जापायी १९२४ साली हातची गेली. ज्यानं गवयाला प्रतिष्ठा मिळवून दिली त्याला जमाखर्चानं हरवलं. त्यांच्या चरित्रातला हा भाग मी मुलांना दोन ओळींत उरकायला लावत असे, कारण त्याला गुण नसत.

आणि त्यांचे शिष्य! विनायकराव पटवर्धन गंधर्व नाटक मंडळीत नट होते, मग १९३२ साली पुण्यात त्यांनी विद्यालय काढलं, रागांची पुस्तकं लिहिली. ओंकारनाथ ठाकूर बनारसला विद्यापीठात गेले. नारायणराव व्यासांच्या तबकड्या घराघरांत वाजल्या. त्यांचे भाऊ शंकरराव चित्रपटांचे संगीतकार झाले. बा. र. देवधरांनी गिरगावात शाळा काढली, आवाजाच्या शास्त्राचा नाद घेतला, मासिक चालवलं. एकाच गुरूचे विद्यार्थी, आणि मंच, वर्ग, स्टुडिओ, छापखाना, कुठे कुठे पसरले. मला नेहमी वाटायचं की 'गाण्यात करिअर' ही आजकालची भाषा आहे, पालक कुठूनतरी ऐकून येतात आणि आपल्याला विचारतात. तसं नाही. आमच्या तसबिरीतला माणूस हेच करत होता. मधेच केव्हातरी ते झब्ब्याच्या खिशात गेलं.

वर्गातल्या एका मुलाची आई वकील आहे. तिला मी तो पाच पानांचा करार दाखवला. जमखान्यावर मांडी घालून बसून तिनं शांतपणे समजावलं आणि मी माझ्या बंदिशींच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला, तेव्हापासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचेही स्वतःचे हक्क त्यात नीट मांडलेले आहेत. ते हक्क पन्नास वर्षं टिकतात. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतो. म्हणजे या करारात 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व प्रदेशांत' हे शब्द उगाच नव्हते. ते नसते तर पाच वर्षांनी तो गंधार तिच्याकडे परत आला असता. पैसे कमी आले होते ते टीडीएस, म्हणजे देतानाच कापायचा कर, कापल्यामुळे. विवरणपत्र भरलं की कर लागत नसेल तर तेवढे परत मिळतात. बिचारीला दोन महिने वाटत राहिलं होतं की आपल्याला फसवलं. आणखी एक गोष्ट वकीलबाई म्हणाल्या ती माझ्या मनात रुतली. गाणाऱ्याला आपलं नाव लागण्याचाही हक्क आहे. वापरच असा असेल की नाव देता येत नाही, तेवढं सोडून. मग त्यांनी खांदे उडवले. तीस सेकंदांच्या जाहिरातीत नाव कुठे द्यायचं, असं म्हणायला जाहिरातवाल्यांना जागा आहे.

तेव्हा मला जुन्या काळची गायिका गौहर जान आठवली. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या साहेबांनी तिचं गाणं तबकडीवर घेतलं. रात्रभर रंगणारं गाणं जेमतेम तीन मिनिटांत बसवायचं, तिनं बसवलं. आणि गाणं संपतासंपता ती खणखणीत आवाजात इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगते. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कामगारांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून ही पद्धत, असं सांगतात. कारण काहीही असो. खरखरीतून येणारा तो आवाज मी जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा मला तो गाण्याचाच भाग वाटला, समेवर आल्यासारखा.

आमच्या वर्गाच्या खिडकीतून सतारमेकर मंडळींच्या गल्लीचा आवाज येतो. कानस, पटाशी, मधूनच एखादी तार छेडल्याचा झंकार. पॉलिशच्या लाखेचा वास दुपारी उन्हानं वर चढतो. पूर्वी शिकलगार असलेल्या या घराण्यांनी शस्त्रं सोडून वाद्यं हाती धरली त्याला दीड शतक होऊन गेलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले, मलाही मिळाला. त्याच गल्लीत माझा एक विद्यार्थी काम करतो. चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला आणि पुन्हा सुरात आलाच नाही. दोन वर्षं त्यानं आणि मी झगडून बघितलं. मग तो यायचा बंद झाला आणि मी मनातून त्याचं नाव पुसून टाकलं, 'गेला' म्हणून. परवा तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, गेली म्हणून मी वाद्य घेऊन गेले तर आतून तोच बाहेर आला. घोडीवर कानशीचे दोन हात फिरवायचा, तार चढवायची, सुताचा दोरा तारेखाली सरकवत न्यायचा, डोळे मिटून ऐकायचं, पुन्हा तार उतरवायची. तासभर मी बघत होते. षड्जाच्या तारेतून गंधार स्वतःहून ऐकू येईपर्यंत त्यानं सोडलं नाही. "तुमच्याकडेच कान तयार झाला ताई," तो म्हणाला. पंढरपूरकडून आलेले भोपळे त्याच्या मागे भिंतीला लागून वाळत पडले होते. मला त्याच्याशी काय बोलावं कळेना. त्या कानाची मी कधी परीक्षाच घेतली नव्हती. पुढे जाऊन त्यानं विचारलं ते आणखीनच अवघड होतं: फोनवरचा तानपुरा आल्यापासून मागणी घटली आहे, तुम्ही मुलांना कशावर गायला लावता? मी खरं ते सांगितलं. रोजचा रियाज फोनवर, शनिवारी खऱ्या तानपुऱ्यावर. तो काही बोलला नाही. शनिवारचं मी आता बुधवारीही केलं आहे.

गेल्या जानेवारीपासून महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही एक तास वेगळा ठेवला आहे. मुलं त्याला वहीचा तास म्हणतात. त्यात गायचं नाही. आकाशवाणीच्या श्रेणीसाठी अर्ज कसा करतात, बी श्रेणी आणि बी-हाय यांत फरक काय. ध्वनिमुद्रित गाण्याला जो बारा अक्षरांचा-अंकांचा क्रमांक असतो तो कशासाठी. मायक्रोफोनपासून तोंड किती लांब ठेवायचं आणि तान घेताना किती मागे घ्यायचं. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटला ध्वनिमुद्रणाचं शिकून आलेला एक मुलगा एकदा येऊन गेला. त्यानं मुलांना डोळे मिटायला लावून याच खोलीतले अकरा वेगवेगळे आवाज मोजायला लावले, त्यात पंख्याचा धरून. शाळेत संगीतशिक्षिका असलेली एक जण आली. साठ मुलांच्या वर्गात एका पेटीवर सूर कसा धरून ठेवायचा ते तिनं दाखवलं, आणि माझ्या मते ते बैठकीइतकंच अवघड आहे. करार घरी नेऊन वाचायला एक दिवस मागायचा, हे आम्ही चक्क मोठ्यानं म्हणण्याचा सराव केला. "मला एक दिवस द्या, वाचून सांगते." चांगल्या भरदार आवाजात ताना घेणाऱ्या मुली हे वाक्य म्हणताना पुटपुटत होत्या. चार वेळा म्हणायला लावलं तेव्हा स्वर लागला.

या तासाबद्दल माझ्या मनात सगळं सरळ आहे असं नाही. मार्चमध्ये तेरा वर्षांच्या एका मुलानं यमनाचा मोठा आलाप फार सुंदर केला आणि संपल्याबरोबर विचारलं, "ताई, एवढ्याचे किती मिळतील?" त्याला उत्तर दिलं, पण रात्री झोप आली नाही. बुवांची ती नजर आठवली. आता कळतं की ती नजर काकूंच्या जिवावर उभी होती. तरीही तिच्यात काहीतरी होतं. गाताना हिशोब मनात येता कामा नये, हे मला आजही खरं वाटतं. मग हिशोबाचा तास मी घ्यावा का? काकूंनी बुवांसाठी दोन्ही वेगळं ठेवलं होतं, गाणं बैठकीत आणि वही माजघरात. माझ्या मुलांच्या घरी अशी काकू असणार नाही, असावी अशी अपेक्षाही करू नये. कुणीतरी आयुष्यभर न गाता भिंतीला टेकून बसावं तेव्हा दुसऱ्याचं गाणं निर्मळ राहणार, हे मला आता पचत नाही. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मी पुन्हा यमनच दिला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मला बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

गेल्या आठवड्यात मुंबईहून परत तिचा फोन आला. एका माहितीपटासाठी दोन मिनिटांचा आलाप गायली आहे. या वेळी करार दोन दिवस ठेवून घेतला, वकीलबाईंना पाठवला, मुदत पाच वर्षांची लिहून घेतली आणि शेवटच्या नामावलीत नाव यावं ही ओळ घालून घेतली. बिल स्वतः तयार केलं होतं, त्याचा फोटो मला पाठवला. अनुक्रमांक, तारीख, पॅन क्रमांक, बँकेचा तपशील. 'कामाचा तपशील' या रकान्यात तिनं लिहिलं होतं: आलाप, राग देसकार, दोन मिनिटं, एक टेक. खाली दुसरी ओळ होती: तानपुरा साथ. तिच्यापुढे वेगळी रक्कम.

"तानपुऱ्यावर कोण होतं गं?" मी विचारलं.

"माझी विद्यार्थिनी. नऊ महिने झाले शिकतेय. घेतच नव्हती ताई, लाजत होती."

"मग?"

"मी विचारलं तिला, हात दुखला की नाही?"

काकूंचं ते वाक्य मी वहीच्या तासाला सांगितल्याचं मला आठवत नाही. सांगितलं असेन. मी फोटो मोठा करून पुन्हा बघितला. देसकार होता, या वेळी मुक्काम धैवतावर. विचारायचं राहिलं होतं, म्हणून विचारलं, "धैवत बरा लागला होता ना?"